तारीख, व्याप्ती आणि अंमल : अमेरिकेच्या इतिहासाची घरच्या घरी परीक्षा

अमेरिकेचा इतिहास आपणांस बऱ्यापैकी ठाऊक आहे, अशी आपल्या पिढीतील सुशिक्षित वाचकाची समजूत असते आणि ती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. कोलंबसाचे जहाज, बोस्टनच्या बंदरात बुडविलेला चहा, जॉर्ज वॉशिंग्टन, गुलामांना मुक्त करणारा अब्राहम लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग ही नावे शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून आपल्या सोबतीला आहेत. आता तर बडोद्यातील कितीतरी मराठी घरांतील मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, नातवंडे तेथील शाळेत तोच इतिहास स्वतःचा म्हणून शिकत आहेत. अशा वेळी आपले ज्ञान नेमके कितपत खरे आहे, हे एकदा स्वतःशीच तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

ज्ञान तपासण्याची एक अधिकृत सोय अमेरिकेच्या शासनानेच करून ठेवलेली आहे. तेथील नागरिकत्व घेऊ इच्छिणाऱ्याला इतिहास आणि राज्यव्यवस्था या विषयांची तोंडी परीक्षा द्यावी लागते. २००८ पासूनच्या पद्धतीत शंभर प्रश्नांच्या छापील यादीतील दहापर्यंत प्रश्न विचारीत आणि सहा उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होई. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ही यादी १२८ प्रश्नांची झाली असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रश्न आणि उत्तरे दोन्ही आधीच प्रसिद्ध केलेली असल्यामुळे पाठांतर करणाऱ्याला ही परीक्षा अवघड नाही.

परंतु २००८ च्या यादीतील एका प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. गुलाममुक्तीच्या घोषणेने काय साधले, असा तो प्रश्न आहे. 'गुलामांना मुक्त केले' हे उत्तर बरोबर धरले जाते आणि 'फुटीर राज्यांतील गुलामांना मुक्त केले' हेही बरोबर धरले जाते. परीक्षकाच्या दृष्टीने दोन्हींना सारखेच गुण. इतिहासाच्या दृष्टीने मात्र या दोन वाक्यांमध्ये लक्षावधी माणसांचे आयुष्य अडकलेले आहे. पहिले उत्तर देणारा आणि दुसरे उत्तर देणारा यांना एकच इतिहास ठाऊक आहे, असे म्हणता येणार नाही.

राज्य शासनाच्या सेवेत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली त्यांना हा फरक चटकन उमगेल. कोणताही ठराव वा परिपत्रक टेबलावर आले की जाणता कारकून तीन गोष्टी पाहतो. कागदावर तारीख कोणती, तो कोणाला लागू आहे आणि त्याचा अंमल प्रत्यक्षात कधीपासून झाला. तारीख, व्याप्ती आणि अंमल ही ती तीन कलमे. अमेरिका हा देश मुख्यतः कागदांवर उभा राहिलेला देश आहे. जाहीरनामा, घटना, घटनादुरुस्त्या, तह, न्यायालयीन निकाल यांच्या तारखांनीच त्याचा इतिहास सांगितला जातो. म्हणूनच ही तीन कलमांची कसोटी त्याला फार चपखल लागू पडते. आपण ती काही ठळक प्रसंगांना लावून पाहू.

पहिला प्रश्न सोपा. अमेरिका स्वतंत्र कधी झाली? ४ जुलै १७७६, असे उत्तर कोणीही देईल. आता कागद काढून पाहावा. ब्रिटनशी संबंध तोडण्याचा ठराव फिलाडेल्फिया येथे भरलेल्या काँग्रेसने २ जुलै रोजी मंजूर केला. तेरापैकी बारा वसाहतींनी अनुकूल मत दिले, न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना घरून आज्ञा आली नसल्याने ते तटस्थ राहिले. त्या ठरावामागील कारणे सांगणारा, थॉमस जेफरसनने लिहिलेला मसुदा काटछाट होऊन ४ जुलैला संमत झाला आणि त्या रात्री जॉन डनलॅप या मुद्रकाने तो छापला. चर्मपत्रावरील प्रतीवर बहुतेक प्रतिनिधींनी सह्या केल्या त्या २ ऑगस्टला. जॉन अ‍ॅडम्सने तर ३ जुलैला पत्नीला लिहिलेल्या पत्रात, पुढील पिढ्या २ जुलै हाच दिवस उत्सवाने साजरा करतील, असे भाकीत केले होते. आणि ब्रिटनने हे स्वातंत्र्य मान्य केले ते आठ वर्षांचे युद्ध संपल्यावर, ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने.

ही केवळ तारखांची कसरत नव्हे. व्याप्तीचे कलम लावले म्हणजे प्रश्न गंभीर होतो. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे सांगणारा हा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने आपल्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक परिच्छेद त्याच्या मूळ मसुद्यात होता, तो काँग्रेसने काढून टाकला. २०२६ हे या जाहीरनाम्याचे अडीचशेवे वर्ष. उत्सवाच्या गजरात तारीख सर्वांना ऐकू येते. गाळलेला परिच्छेद मात्र ज्याने मसुदा पाहिला असेल त्यालाच ठाऊक असतो.

दुसरा प्रश्न घटनेसंबंधी. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातच घटनेचा मसुदा तयार झाला आणि १७ सप्टेंबरला ३९ प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या. नऊ राज्यांची संमती मिळाल्यावर तो लागू व्हावयाचा होता. न्यू हॅम्पशायर हे नववे राज्य २१ जून १७८८ ला आले आणि १७८९ च्या मार्चपासून नवे शासन अस्तित्वात आले. मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही आलेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शब्द टाळला, परंतु व्यवस्था टाळली नाही. प्रतिनिधींची संख्या ठरविताना 'इतर व्यक्ती' तीनपंचमांश धराव्यात, असे कलम त्यात होते. या 'इतर व्यक्ती' म्हणजे गुलाम. ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांच्या आधारे त्यांच्या मालकांची काँग्रेसमधील सदस्यसंख्या वाढे, असा याचा व्यावहारिक अर्थ. गुलामांची आयात १८०८ पूर्वी काँग्रेसला बंद करता येणार नाही आणि पळून गेलेला गुलाम परत करावा लागेल, अशीही कलमे होती. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत प्रथम उमटला तो १८६५ साली, ती नष्ट करण्यासाठी.

नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ ला अमलात आल्या, त्यांचीही व्याप्ती पाहण्यासारखी आहे. भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती 'काँग्रेस असा कायदा करणार नाही' अशा आशयाने सुरू होते. म्हणजे बंधन मध्यवर्ती शासनावर, राज्यांवर नव्हे. हे हक्क राज्यांविरुद्ध मागता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये स्पष्ट सांगितले. भाषणस्वातंत्र्य राज्यांनाही बांधील आहे, ही भूमिका न्यायालयाने १९२५ मध्ये मान्य केली, ती चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे. मधली वर्षे मोजली तर १३४ भरतात.

तिसरा प्रश्न म्हणजे गुलाममुक्तीचा, ज्याचा उल्लेख आरंभी केला. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ३९ लाख ५० हजारांहून अधिक गुलाम होते. यादवी युद्ध ऐन भरात असताना १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मुक्तीची घोषणा केली. हा सुमारे सातशे शब्दांचा कागद मुळातून वाचावा. त्याची भाषा आपल्याकडील एखाद्या अधिसूचनेसारखी रुक्ष आहे. कोणत्या राज्यांना तो लागू आहे याची यादी आहे आणि कोणते प्रदेश वगळले आहेत याचीही. न्यू ऑर्लिन्ससह लुइझियानातील तेरा परगणे वगळले आहेत. पुढे पश्चिम व्हर्जिनिया झालेले ४८ जिल्हे वगळले आहेत. डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलाम बाळगणारी, परंतु संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेली चार राज्ये यादीत नाहीतच. कारण असे की ही घोषणा लिंकनने सेनापती या नात्याने, युद्धाची गरज म्हणून काढली होती. बंड न केलेल्या प्रदेशातील मालमत्तेला हात लावण्याचा अधिकार त्या पदाला नव्हता.

यावरून, 'लिंकनच्या घोषणेने प्रत्यक्षात कोणीच मुक्त झाले नाही', असा उलट्या टोकाचा निष्कर्ष काही जण काढतात. तोही चुकीचा आहे. संघराज्याच्या फौजांनी आधीच व्यापलेल्या किनारपट्टीवरील हजारो गुलाम त्याच दिवशी मुक्त झाले. फौज जसजशी पुढे सरकली तसतशी मुक्तीची सीमाही पुढे सरकली. कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची तरतूद त्याच कागदात होती आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या लष्करात दाखल झाले. म्हणजे ज्यांना मुक्त करावयाचे त्यांनीच अंमलबजावणीत मोठा वाटा उचलला.

टेक्सासमध्ये तो अंमल पोहोचला अडीच वर्षांनी. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर याने गॅल्व्हेस्टन बंदरात आदेश जाहीर केला, तेव्हा त्या राज्यात सुमारे अडीच लाख गुलाम होते. लिंकनची हत्या होऊन दोन महिने उलटून गेले होते. हा दिवस कृष्णवर्णीय समाज पिढ्यान् पिढ्या पाळीत आला आणि २०२१ मध्ये तो राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला. कागद निघाल्याचा दिवस आणि कागद पोहोचल्याचा दिवस यांतील दुसरा दिवस ज्यांनी सणासाठी निवडला, त्यांना इतिहास अधिक कळला होता असे म्हणावेसे वाटते.

केंटकी व डेलावेअरमधील गुलामांना मात्र त्यानंतरही थांबावे लागले. ६ डिसेंबर १८६५ ला तेरावी घटनादुरुस्ती संमत झाली तेव्हाच तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्या दुरुस्तीतही एक अपवाद राहिला. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील, असा तो अपवाद होता. त्याच्या आडोशाने दक्षिणेतील राज्यांनी क्षुल्लक आरोपांखाली कृष्णवर्णीयांना पकडून खाणींना व मळेवाल्यांना भाड्याने देण्याची पद्धत कित्येक दशके चालविली. कचेरीतील दप्तरदिरंगाईची सवय असलेल्या वाचकांसाठी आणखी एक नोंद. मिसिसिपी राज्याच्या विधिमंडळाने ही दुरुस्ती मान्य करण्याचा ठराव केला तो १९९५ मध्ये, आणि त्या ठरावाची रीतसर सूचना वॉशिंग्टनला पाठवावयाची राहून गेल्याने त्याची अधिकृत नोंद झाली ती २०१३ मध्ये. दुरुस्ती १८६५ पासूनच सर्व राज्यांना बंधनकारक होती हे खरे, पण कागदाचा प्रवास कसा होतो याचा हा बोलका नमुना आहे.

चौथा प्रश्न मताधिकाराचा. वर्णाच्या वा पूर्वीच्या गुलामीच्या कारणावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे सांगणारी पंधरावी दुरुस्ती ३ फेब्रुवारी १८७० ला संमत झाली. त्याच महिन्यात हायरम रेव्हेल्स हा कृष्णवर्णीय सदस्य मिसिसिपीतर्फे सेनेटमध्ये बसला. १८७७ नंतर मात्र मध्यवर्ती शासनाने दक्षिणेतील आपला हात काढून घेतला. त्यानंतर मतदानासाठी कर भरण्याची अट आली. घटनेतील उताऱ्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा आली, जिचा परीक्षक गोरा कारकून असे. ज्याच्या आजोबाला मत होते त्याला ही परीक्षा माफ, अशीही सवलत काही राज्यांत आली. गुलामाच्या नातवाला ती मिळणे शक्यच नव्हते. यांपैकी कोणत्याही नियमात 'कृष्णवर्णीय' हा शब्द नव्हता. घटनेला शब्दशः धक्का न लावता तिचा अंमल कसा थांबविता येतो, याचे हे जागतिक इतिहासातील ठळक उदाहरण ठरावे.

मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि ६ ऑगस्ट १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. त्यापूर्वी मिसिसिपीत मतदानास पात्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्के लोकांची नावे मतदारयादीत होती. दोन वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ गेले. माणसे तीच, घटना तीच, दुरुस्तीही पंचाण्णव वर्षे तीच होती. बदलला तो फक्त अंमल. आणि अंमल ही कायमची वस्तू नसते, याचेही भान ठेवले पाहिजे. पूर्वेतिहास वाईट असलेल्या राज्यांनी निवडणूक नियम बदलताना आधी परवानगी घ्यावी, अशी या कायद्यातील तरतूद होती. ती ज्या सूत्रावर आधारलेली होती ते सूत्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

पाचवा प्रश्न तेथील मूळ रहिवाशांचा, आणि तो न्यायालयीन निकालांवर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी आहे. जॉर्जिया राज्याच्या आसपास राहणाऱ्या चेरोकी लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्वतःची लिपी निर्माण केली होती, लेखी घटना केली होती आणि स्वतःचे वृत्तपत्र काढले होते. 'सुधारलेले' होण्याच्या सर्व अटी त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. त्यांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, असा निर्णय सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने १८३२ मध्ये दिला. या निकालावर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याने 'मार्शलने निकाल दिला, आता त्यानेच तो अमलात आणावा' असे उद्गार काढल्याचे सर्वत्र सांगितले जाते. त्या उद्गारांना समकालीन पुरावा नाही. उद्गार संशयास्पद असले तरी वस्तुस्थिती संशयास्पद नाही. निकालाने चेरोकींची भूमी वाचली नाही. मूठभर चेरोकींनी १८३५ मध्ये केलेल्या तहाच्या आधारे, बहुसंख्यांचा विरोध डावलून, १८३८ मध्ये सैन्य लावून त्यांना आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलण्यात आले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसे मेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. जिंकलेल्या खटल्याची प्रत हाती असताना ही माणसे बेघर झाली.

सहावा प्रश्न आपल्या घरांशी निगडित आहे. भारतीय माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व कधीपासून मिळू लागले? १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा दरवाजा 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'पुरता उघडला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ न्यायालयात गेले. तत्कालीन वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियन वंशाचे, म्हणजे गोरेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणेल तोच गोरा, असा त्या निकालाचा मथितार्थ. हा युक्तिवाद भेदाच्या भिंतीविरुद्ध नव्हता, आपल्याला भिंतीच्या आत घ्यावे एवढेच त्यात मागणे होते, हेही आपण प्रांजळपणे लक्षात घेतले पाहिजे. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ च्या कायद्याने मिळाला, त्याबरोबर वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशाची मर्यादाही आली. राष्ट्रवार कोटे मोडीत काढणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ ला झाला आणि पूर्णपणे लागू झाला १९६८ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी सेल्माच्या मोर्चेकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या त्याच वर्षी, नागरी हक्कांच्या त्याच वातावरणात, आपल्या मुलाबाळांसाठी दार उघडले. ज्यांच्या लढ्याने हे वातावरण निर्माण झाले त्यांच्याविषयी आपल्या बैठकीच्या खोल्यांतून कधीकधी जे तुच्छतेचे बोल ऐकू येतात, ते बोलणाऱ्यांना या दोन तारखा शेजारी शेजारी मांडून दाखविल्या पाहिजेत.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की अमेरिकेच्या उणिवा मोजण्याचा हा उद्योग आहे. तसे नाही. केवळ तारखा पाठ करणारा जसा भक्त होतो, तसा केवळ अंमलातील उणिवा मोजणारा निंदक होतो, आणि दोघेही या परीक्षेत नापास होतात. कारण अंमल न झालेला कागद हा निरुपयोगी कागद नसतो. गुलामीतून निसटलेला थोर वक्ता फ्रेडरिक डग्लस याने ५ जुलै १८५२ रोजी, रॉचेस्टर येथे, स्वातंत्र्यदिन हा गुलामासाठी काय आहे असा जळजळीत प्रश्न विचारला, तेव्हा त्याने जाहीरनाम्यातील तत्त्वांचा धिक्कार केला नाही. तीच तत्त्वे त्याने श्रोत्यांपुढे पुरावा म्हणून ठेवली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याच जाहीरनाम्याला, न वटलेल्या वचनचिठ्ठीची उपमा दिली. चिठ्ठी लिहून दिलेली नसती तर वसुलीचा दावा कशाच्या जोरावर झाला असता? सेनेका फॉल्स येथे १८४८ मध्ये जमलेल्या स्त्रियांनी आपला जाहीरनामा १७७६ च्या जाहीरनाम्याच्याच साच्यात लिहिला आणि 'माणसे' या शब्दात 'स्त्रिया' हा शब्द जोडला. एकोणिसावी दुरुस्ती १९२० मध्ये झाली. बहात्तर वर्षे हा दावा चालला, पण चालला तो त्या कागदाच्या आधाराने.

तारीख आणि अंमल यांच्यामधील जे अंतर, त्यातच त्या देशाचा खरा इतिहास घडला आहे. ते अंतर कोणी वाढविले, कोणी कमी केले आणि त्यासाठी कोणी काय सोसले, हे ज्याला सांगता येते त्याला अमेरिकेचा इतिहास येतो.

हे ज्ञान वाढवावे कसे? त्याला मोठा ग्रंथसंग्रह लागत नाही. एक वही करून चार रकाने आखावेत. कागदाचे नाव, तारीख, व्याप्ती आणि अंमल. मूळ कागद स्वतः वाचावेत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेराशे शब्दांच्या आसपास आहे. दुरुस्त्या वगळता मूळ घटना साडेचार हजार शब्दांची, म्हणजे आपल्या एखाद्या दिवाळी अंकातील दीर्घकथेपेक्षाही लहान आहे. एका संध्याकाळी ती वाचून होते. त्यानंतर, ज्यांच्यावर तो कागद चालला वा चालला नाही, त्यांचे कथन वाचावे. डग्लसचे १८४५ चे आत्मकथन आणि हॅरिएट जेकब्जचे १८६१ चे आत्मकथन ही त्यातील ठळक नावे. १९३६ ते १९३८ या काळात शासनाने नेमलेल्या लेखकांनी हयात असलेल्या माजी गुलामांच्या मुलाखती घेतल्या. अशी दोन हजार तीनशेहून अधिक कथने अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेली आहेत. प्रसिद्ध अवतरणांच्या बाबतीत, ते प्रथम कोठे छापले गेले, हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. पुष्कळ अवतरणे या एका प्रश्नाने गळून पडतात.

मराठी वाचकाला तर या अभ्यासाची परंपरा घरचीच आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. वहीतील रकान्यांत हे वर्ष भरून पाहावे. पंधरावी दुरुस्ती होऊन तीन वर्षे झालेली आणि दक्षिणेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून येत असलेला तो काळ. फुल्यांनी ज्या क्षणी त्या देशाकडे पाहिले त्या क्षणी कागद आणि अंमल यांमधील अंतर कमी होत होते. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यांनी त्याच अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तेथील स्त्रियांच्या संस्थांची व चळवळींची तपशीलवार ओळख करून दिली. त्या वेळी तेथील बहुसंख्य स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हते.

बडोद्याचा धागा तर थेट आहे. सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये येथे आणून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी १९४६ मध्ये त्यांचा पत्रव्यवहार झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेच्या घटनेशी त्याची तुलना केली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, असा इशारा दिला. हा इशारा देणाऱ्याने अमेरिकेच्या इतिहासाचे चारही रकाने भरलेले होते, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

तेव्हा वाचकांनी ही वही अवश्य करावी. नातवंडे सुटीत घरी आली की त्यांच्या पाठांतराच्या उत्तरापुढे 'कोणाला लागू?' आणि 'कधीपासून?' हे दोन प्रश्न ठेवावेत. तिकडच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांनाही ते विचार करायला लावतील. अमेरिकेची पाने भरून झाल्यावर वहीत कोरी पाने उरतील. अस्पृश्यता नष्ट करणारे आपल्या घटनेतील सतरावे कलम २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. त्याचा चौथा रकाना भरण्याचे काम आपलेच आहे.